आर्पेतचं दुपारचं मौन

फेरेओल शाप्पा जर्मनांना सामील असलेल्या फ्रेंच मिलिशियाची माणसं घेऊन आर्पेतवर आला तो दुपारी सव्वा वाजता, आणि ती वेळ त्याने मुद्दाम साधली होती. एक ते तीन आर्पेतच्या पठारावर मौन असतं. रोग्यांची विश्रांती. त्या दोन तासांत सुतार हातोडी उचलत नाही, बायका दारातून एकमेकींना हाका मारत नाहीत, गाईंच्या गळ्यातल्या घंटांत गवत कोंबलेलं असतं, चर्चच्या घंटेच्या लोळ्याला चामडं बांधलेलं असतं. कुत्रीसुद्धा शिकली होती. खाली दरीतली माणसं चेष्टेने म्हणायची, आर्पेतवर कुणाला मरायचं असेल तर बापड्याने तीन वाजेपर्यंत कळ काढावी.

पेर्नेत बिबोले तेव्हा क्लेररोश या क्षयरोग्यांच्या सॅनिटोरियमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या सज्जात पांघरुणं नीट करत फिरत होती. दक्षिणेकडे पाय करून तीस लांब खुर्च्या ओळीने मांडलेल्या. मार्च महिना, कठड्यावर वीतभर बर्फ, आणि बर्फावर असं ऊन की रोग्यांना गवताच्या टोप्या नि काळे चष्मे घालावे लागत. खाली सगळी दरी धुक्याने भरलेली, तापल्या दुधावर साय यावी तशी, आणि समोर मों ब्लां.

चौदाव्या खुर्चीत तिचा मुलगा होता.

खुर्चीला अडकवलेल्या तक्त्यावर नाव होतं देलात्र, वय बावीस, दोन्ही फुप्फुसं. खरा देलात्र फेब्रुवारीतच गेला होता. मोठ्या डॉक्टरांनी त्याचं मरण वहीत चढवलं नाही, आणि त्याच्या जागी पेर्नेतचा अंतेल्म येऊन झोपला. अंतेल्म वीस वर्षांचा. जर्मनांच्या कारखान्यात जायचं नाकारून रानात लपून लढायला गेलेल्या पोरांपैकी एक. त्याच्या मांडीत गोळी लागून आरपार गेली होती. जखम भरत आली होती, पण अजून तो पाय ओढत चाले. आणखी आठ दिवस मिळाले असते तर तो डोंगर ओलांडून स्वित्झर्लंडला गेला असता. पेर्नेत त्या आठ दिवसांसाठी रोज पहाटे जपमाळ ओढत होती. नवरा रस्ता रुंद करायला तिसऱ्या वळणावर सुरुंग उडवताना गेला, त्यानंतर तिला हा एवढाच.

तिच्या लहानपणी आर्पेतवर बार्ली होती, बकऱ्या होत्या आणि बाकी उपास होता. मग एक डॉक्टर आला. तिच्या बापाच्या गवताच्या माळ्यावर दोन हिवाळे राहिला आणि एका काचेच्या यंत्राने रोज किती वेळ ऊन पडतं ते लिहीत बसला. लोकांना वाटलं, याचं डोकं फिरलंय. पण त्याचं बरोबर होतं. उत्तरेचा वारा मागचा कडा अडवायचा, धुकं वर यायचं नाही, आणि जानेवारीतही सज्जात उघड्याने बसता यायचं. मग नऊ वळणांचा रस्ता झाला, एकामागून एक चार सॅनिटोरियम उभी राहिली. आधी गावाने नाकाला पदर लावून रस्ते बदलले, मग हळूहळू सगळं गाव त्या खोकणाऱ्या माणसांवर जगायला लागलं. कुणी धुणं धुतं, कुणी दूध घालतं, कुणी शवपेट्या करतं. मौनाचा नियम नगरपालिकेने केला खरा, पण बावीस वर्षांत तो कायदा राहिला नव्हता. तो अंगात मुरला होता.

म्हणून तर घात झाला.

घंटा वाजवायचं काम पेर्नेतच्या थोरल्या दिराकडे, युझेबकडे होतं. ठरलं होतं असं, की रस्त्यावर मिलिशियाच्या गाड्या दिसल्या की त्याने तीन टोल द्यायचे. तेवढ्यात अंतेल्मने मागच्या दाराने निघायचं. क्लेररोश डोंगराला पाठ लावून बांधलेलं, त्यामुळे तिसऱ्या मजल्याच्या मागून एक लाकडी साकव थेट रानात जाई. सरपणाच्या घसरगाड्या आत घ्यायला तो दोन वर्षांपूर्वी बांधला होता. साकव ओलांडला की देवदार, आणि देवदारात शिरला की माणूस सापडायचा नाही.

युझेबने मनोऱ्यातून दोन गाड्या चौथ्या वळणावर पाहिल्या. त्याने दोराला हातही घातला. मग खाली पाहिलं. चारी इमारतींच्या सज्ज्यांवर दोनशे माणसं डोळे मिटून पडलेली. सव्वा वाजलेला. लोळ्याला चामडं त्यानेच पाव तासापूर्वी स्वतःच्या हाताने बांधलेलं. त्याने दोर सोडला आणि वर्दी द्यायला क्लेररोशकडे निघाला. धावलासुद्धा नाही. मौनात आर्पेतवर कुणी धावत नाही.

त्याला त्यांनी अंगणातच धरलं.

पेर्नेतने ते सज्जातून पाहिलं. दोघांनी युझेबला धुण्याच्या हौदाच्या भिंतीशी उभं केलं आणि काही विचारलं. त्याने नाही म्हणून मान हलवली. मग एकाने त्याचा उजवा हात हौदाच्या दगडी काठावर पसरला आणि दुसऱ्याने बंदुकीचा दस्ता त्यावर हाणला. एकदा, दोनदा. मग डावा हात. हाडांचा आवाज थंड हवेत वरपर्यंत आला, वाळकी काटकी मोडल्यासारखा. युझेबचा आवाज मात्र आला नाही. त्याने तोंड दंडात खुपसलं होतं. वर रोगी झोपले होते ना.

पेर्नेत वळली तेव्हा फेरेओल सज्जाच्या दारात उभा होता, एकटा. त्याची माणसं खालीच थांबली होती. इथल्या हवेत श्वास घ्यायलाही ती भीत. मोठ्या डॉक्टरांना त्यांनी त्यांच्याच खोलीत कोंडलं होतं. फेरेओलला भीती नव्हती. तो इथेच तीन वर्षं पडून होता, याच सज्जात, एकविसाव्या खुर्चीत. त्याचं डावं फुप्फुस बाहेरून, छातीत सुईने हवा भरून, मिटवलं होतं, आणि त्या तीन वर्षांत त्याला तापातून, रक्तातून, रडण्यातून पेर्नेतनेच काढलं होतं. तीन वर्षांपूर्वी तो बरा होऊन गेला. जाताना तिच्या हातांचं चुंबन घेतलं होतं.

"पेर्नेतमावशी," तो म्हणाला. "अजून तुम्हीच आहात? बरं वाटलं."

तिने सवयीने ओठांवर बोट ठेवलं. त्यानेही सवयीने आवाज खाली आणला.

मग तो ओळीने निघाला. हातात रिव्हॉल्व्हर, पण खाली धरलेलं. प्रत्येक खुर्चीपाशी थांबे, तक्ता वाचे, आणि कुजबुजत विचारे, कसं आहे. मौनात रोगी बोलत नाहीत, एक बोट वर करतात, म्हणजे ठीक. दोन बोटं म्हणजे मावशीला बोलवा. सगळे एक बोट वर करत गेले. पेर्नेत त्याच्या मागून चालत होती. चौदाव्यापाशी तो थांबला. अंतेल्मने एक बोट वर केलं, अगदी बरोबर. ते तिने त्याला शिकवलं होतं.

फेरेओल हसला. त्याने खाली वाकून पांघरूण बाजूला केलं, अंतेल्मच्या छातीवर डावा तळवा ठेवला आणि त्यावर उजव्या हाताच्या दोन बोटांनी ठोकलं, डॉक्टर ठोकतात तसं. एकदा वर, एकदा खाली.

"हे फुप्फुस नाही मावशी, ढोल आहे. मिरवणुकीत नेता येईल." त्याने पोराच्या डोळ्यांवरचा काळा चष्मा काढला. "आणि कान तर तेच. दुधाच्या बरण्या घेऊन यायचा तो हाच ना?"

अंतेल्म उठायला गेला. फेरेओलने रिव्हॉल्व्हरची नळी त्याच्या मांडीवर, नेमकी जखमेवर दाबली. पोराचं तोंड पांढरं पडलं. तो पुन्हा आडवा झाला.

पेर्नेतने हळू आवाजात विनवणी केली. तुरुंगात टाक म्हणाली, जर्मनीला धाड म्हणाली, मलाच वाटेल ती शिक्षा दे म्हणाली. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मागच्या महिन्यात याच्या टोळीने माझी चार माणसं मारली. तीन गोळीने गेली. चौथा पडला होता, हात वर करून. त्याचं तोंड दगडाने ठेचलं. त्याच्या आईला मी ओळख पटवायला नेलं, मावशी, तर ती बुटांवरून ओळखून म्हणाली, हाच. विचारा तुमच्या लेकाला, दगड कुणी घातला."

तिने अंतेल्मकडे पाहिलं. अंतेल्म समोरच्या बर्फाकडे पाहत राहिला.

"तीन वाजता," फेरेओल म्हणाला. "खाली, भिंतीशी. आत्ता नाही. आत्ता सगळे झोपलेत."

तो चेष्टा करत नव्हता. इथे तीन वर्षं काढलेला माणूस मौनात गोळी झाडणार नाही, हे त्या सज्जातल्या प्रत्येकाला कळलं, कारण प्रत्येकाने तेच केलं असतं. झोपलेलं मात्र कुणी नव्हतं. काळ्या चष्म्यांमागे सगळ्यांचे डोळे उघडे होते.

पंधरावी खुर्ची रिकामी होती. तिथला रोगी सकाळीच शस्त्रक्रियेला गेला होता. फेरेओल तीत बसला, रिव्हॉल्व्हर मांडीवर, नळी अंतेल्मकडे. दहा मिनिटं तो ताठ बसला. ऊन चेहऱ्यावर होतं, पण बर्फावरून येणारा गारठा खालून पायांत शिरत होता. त्याने डावा हात बरगडीवर दाबला. मग नकळत पाय वर घेतले. मग पाठ टेकली. तीन वर्षं रोज ज्या देहाला या वेळी या उन्हात आडवं व्हायची सवय, तो देह त्याला विचारत बसला नाही.

पेर्नेतने आलमारीतून दोन घोंगड्या आणल्या.

"डावी बाजू उघडी टाकू नये," ती म्हणाली. "छातीत पुन्हा पाणी धरेल."

त्याने तिच्याकडे पाहिलं. "अजून हुकूम सोडताय," तो म्हणाला, आणि डोकं मागे टाकलं.

तिने पहिली घोंगडी पायांवर पसरली, टाचांखाली दुमडली, जशी हजार वेळा दुमडली होती. मग गुडघ्यांखाली. दुसरी घोंगडी डाव्या खांद्यावरून घेऊन पाठीखाली खोचली, डावा हात आत. तिचे हात थरथरत नव्हते. पुढे कधी ते आठवलं की तिला सर्वांत जास्त भय याचंच वाटे. तेराव्या खुर्चीत म्हातारा व्हार्न्ये होता, उत्तरेकडचा खाणकामगार. दोन्ही फुप्फुसं कोळशाने आणि क्षयाने खाल्लेली, दिवसाकाठी दहा शब्दांपुरताच श्वास उरलेला. त्याने चष्मा काढला आणि तिच्याकडे पाहिलं. तिने पापणीही हलवली नाही, पण त्याला कळलं.

घोंगडीचं उजवं टोक तिने फेरेओलच्या छातीवरून ओढलं, उजव्या हातावरून, रिव्हॉल्व्हरवरून. तेव्हा त्याचे डोळे उघडले. आता त्यालाही कळलं. तिने सगळ्या अंगाचा भार त्या हातावर टाकला.

व्हार्न्ये कसा उठला ते कुणालाच कळलं नाही. त्याने घोंगडीखाली हात घातला आणि फेरेओलने चाप ओढला त्याच क्षणी आपल्या अंगठ्याची बेचकी रिव्हॉल्व्हरच्या घोड्याखाली सारली. घोडा मांसात रुतला. गोळी सुटली नाही. व्हार्न्येच्या मनगटावरून रक्त वाहायला लागलं आणि तो हात तिथेच धरून राहिला. मग बाराव्या खुर्चीतला शाळामास्तर आला, सोळाव्यातला नाभिक आला, पलीकडून आणखी दोघं आले. पायजम्यातली, काठीसारख्या दंडांची माणसं; त्यांतल्या एकालाही एरवी पाण्याची बादली उचलवली नसती. एकाने पाय धरले. दोघे छातीवर पडले. अंतेल्म दुखऱ्या पायासकट त्याच्या गुडघ्यांवर आडवा पडला. उशी पेर्नेतने घेतली. ती तिने दुसऱ्या कुणाला घेऊ दिली नाही.

त्याला फार वेळ लागला. एकाच फुप्फुसावर जगणाऱ्या माणसाला एवढा वेळ लागेल असं तिला वाटलं नव्हतं. खुर्चीचा वेत करकरत होता, बस्स. नाभिकाला खोकला आला तेव्हा त्याने स्वतःची बाही दातांत धरली. शाळामास्तरच्या तोंडातून रक्ताची गुळणी आली आणि घोंगडीवर पडली, तरी तो हलला नाही. फेरेओलचा डावा पाय घोंगडीतून सुटला आणि त्याच्या बुटाने कठड्यावरचा बर्फ खाली पाडला. अंगणातल्या एका शिपायाने वर पाहिलं. वर काय, नेहमीचं मौन. त्याने सिगारेट पेटवली.

उशीखालचं डोकं थांबल्यावरही पेर्नेतने मनात तीन वेळा 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रार्थना म्हटली आणि मगच हात काढले. उशी काढली तर त्याने जीभ चावली होती. तिने त्याचं तोंड पुसलं, घोंगडी हनुवटीपर्यंत घेतली, गवताची टोपी पुढे ओढली, काळा चष्मा घातला. सवयीचंच काम होतं.

दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. रोगी आपापल्या खुर्च्यांत परतले. अंतेल्मने रिव्हॉल्व्हर उचललं. आपण खाली जातो, काकाला सोडवतो, असं काहीसं तो कुजबुजायला लागला. तिने त्याच्या दंडाला धरून त्याला मागच्या दाराशी नेलं, त्याच्या खिशात पाव आणि चीजचा तुकडा कोंबला. साकवापाशी ती थांबली.

"दगड तू घातलास?"

त्याने रिव्हॉल्व्हर कमरेला खोचलं. मग म्हणाला, "हो."

"तो हात वर करून होता?"

"हो, आई."

तिला त्याच्या तोंडात मारावंसं वाटलं, आणि त्याला पोटाशी धरावंसं वाटलं, आणि तिच्याच हातांना अजून त्या उशीची ऊब होती. "जा," ती म्हणाली. तो पाय ओढत साकवावरून गेला. देवदारांत शिरेपर्यंत त्याने मागे पाहिलं नाही, आणि तिने हाक मारली नाही.

तीन वाजले. घंटा वाजली नाही, कारण वाजवणारा हौदाशी बोटं छातीशी धरून पडला होता. मौन सुटलंच नाही. सव्वातीन झाले, साडेतीन झाले. अंगणातले शिपाई चुळबुळायला लागले. त्यांनी प्रमुखाला हाका मारल्या, दोनदा, तीनदा. शेवटी त्याचा दुय्यम, एक लठ्ठ, तरुण माणूस, तोंडाला रुमाल बांधून तिघांसह वर आला. तो ओळीवरून दोनदा गेला. दोन्ही वेळा प्रमुखाजवळूनच गेला. तिसऱ्यांदा त्याला घोंगडीतून बाहेर आलेला बूट दिसला.

पेर्नेत पुढे झाली आणि म्हणाली, "मी मारलं."

त्याने तिच्याकडे पाहिलं. पन्नाशीची, एप्रन घातलेली, गळ्यात क्रूस असलेली बाई. त्याने तिला पालथ्या हाताने बाजूला सारलं. ती आलमारीवर आदळली. ती पुन्हा उठली, पुन्हा तेच म्हणाली, आणि एका शिपायाने तिच्या पोटात दस्ता मारला.

तेव्हा व्हार्न्येने रक्ताळलेला हात वर केला.

"खाणीत घोड्यांचे पाय मोडले की मीच त्यांना मारायचो," तो म्हणाला. एकेका शब्दाला थांबत होता. "घोडे लवकर जायचे."

त्यांनी त्याला खुर्चीतच गोळ्या घातल्या. शेजारच्या शाळामास्तराला घातल्या, कारण त्याच्या घोंगडीवर रक्त होतं. नाभिक उठून उभा राहिला, त्याला उभ्यानेच. त्याचा देह कठड्यावरून खाली अंगणात गेला. लठ्ठ दुय्यम ओरडत होता, सगळी ओळ उडवा म्हणत होता. पण तेवढ्यात सतराव्या खुर्चीतल्या पोरसवदा रोग्याच्या तोंडातून भळभळा रक्त सुरू झालं, भीतीने आणि धक्क्याने, आणि ते एका शिपायाच्या बाहीवर उडालं. तो शिपाई बाही फाडत जिन्याकडे पळाला. त्याच्यामागे दुसरा पळाला. जी माणसं बंदुकीला भीत नव्हती ती थुंकीला भ्याली. जाताना त्यांनी प्रमुखाचं प्रेत ओढत नेलं, डोकं पायरीपायरीवर आपटत, आणि धुलाईघराला आग लावली. चादरी दोन दिवस धुमसत होत्या.

संध्याकाळी पेर्नेतने युझेबच्या हातांना फळ्या बांधल्या. बोटं सुजून काळी झाली होती. तो रडत होता, पण दुखण्यामुळे नव्हे.

"मी वाजवली असती गं," तो म्हणाला. "पण सव्वाच वाजला होता."

"असू द्या, भावजी," ती म्हणाली. "हात हलवू नका."

दहाव्या दिवशी एका दूधवाल्याने निरोप आणला, की अंतेल्म पलीकडे पोचला. पाय बरा आहे, खातोपितो, आईला नमस्कार सांगितलाय. पेर्नेतने दूधवाल्याला वाटीभर बार्लीचं सूप दिलं आणि चर्चमध्ये जाऊन गुडघे टेकले. रोजच्या जपात आता चार नावं वाढली होती: व्हार्न्येचं, शाळामास्तराचं, नाभिकाचं, आणि फेरेओलचं. पाचव्या माणसाचं, ज्याचं तोंड ठेचलं होतं त्याचं, नाव तिला माहीत नव्हतं. त्याच्यासाठी ती नुसतं म्हणे, त्या आईचा. क्षमा तिने मागितली नाही. मागावी आणि देवाने विचारावं, पुन्हा तशी वेळ आली तर, तेव्हा खोटं बोलावं लागलं असतं.

सज्जातलं काम तिने सोडलं नाही. त्या दुपारनंतर दुसऱ्याच दिवशी एक वाजता ती घोंगड्या घेऊन ओळीच्या टोकाला उभी राहिली. बारा, तेरा, चौदा, पंधरा, सोळा रिकाम्या होत्या. पहिल्या खुर्चीत एक जुना रोगी होता, आठ वर्षं तिच्याच हाताखाली असलेला, तिला आपली आई म्हणणारा. तिने घोंगडी टाचांखाली दुमडली, गुडघ्यांखाली दुमडली आणि खांद्यावरून घेऊन हात आत खोचायला वाकली. मौन होतं. त्याने फक्त दोन्ही हात हळूच बाहेर काढले आणि घोंगडीवर ठेवले.

दुसऱ्याने तेच केलं. तिसऱ्यानेही.

ती शेवटच्या खुर्चीपर्यंत गेली. मग त्या गारठ्यात उघड्या पडलेल्या हातांकडे पाहत क्षणभर थांबली, आणि आलमारीतून लोकरी हातमोजे काढून एकेकाच्या हातांत घालत परत निघाली.